पालम ते सॅन फ्रान्सिस्को, वरच्या रस्त्याने

बाबा, माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. वाटलं होतं, वय झालं की निवळेल. पण मागच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोहून नोएडाला भावाकडे आले ती थेट विमानाने, मध्ये कुठेही न उतरता. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि विमान सरळ उत्तरेकडे चढत होतं, तुम्ही दाखवलं होतंत तस्सं. डोकंच सणकलं माझं.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर. माझं अ‍ॅडमिशनचं पत्र आलेलं, आई कणीक मळता मळता रडतेय, "पोरीला जगाच्या टोकाला कशाला धाडताय?" तुम्ही ऑफिसातून आल्या आल्या, बूटही न काढता, माझा शाळेतला पृथ्वीचा गोल ओट्यावर ठेवता. आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा घेता, एक टोक दिल्लीवर मला दाबून धरायला सांगता आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणता. दोरा युरोपवरून जाईल असं आम्हाला वाटलेलं. तो सरकत सरकत पार उत्तर ध्रुवापाशी जातो. "अगं, बघ! वरून जवळ आहे!" फुटपट्टी लावून हिशेब केलात, अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर भरलं, तरी तुमचा आनंद काही कमी होईना. "मी कराडहून नोकरीवर रुजू व्हायला आलो, तेव्हा दोन रात्री गाडीत काढल्या. ही एका दिवसात येईल. हाक मारली की हजर!" आईने डोळे पुसले. मी गेले ती तुमच्या त्या शब्दावर.

मग हाक का नाही मारलीत? बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होतात. कराडहून काका आले, चार दिवस उशाशी बसले. वरच्या मजल्यावरच्या बंगाली आंटी रोज खिचडी आणत होत्या. त्यांना माहीत, इस्त्रीवाल्याला माहीत, आणि पोटच्या पोरीला नाही! भावाचा फोन आला तो सगळं उरकल्यावर. "ताई, बाबांनीच शपथ घातली होती. म्हणाले, एवढ्या लांबून बिचारी कुठे धावत येणार." लांब? पाठवताना जवळ होतं ना? मला विचारायचं तरी! मी पोचले तेव्हा आंटी माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, पापा तो बस तुम्हारी ही बात करते थे." मी त्यांचा हात झटकला. त्याची अजून लाज वाटते, त्या बाईचा काय दोष? भांडायचं होतं तुमच्याशी, आणि तुम्ही फोटोत हार घालून बसला होतात.

काल यावरून भावाला पुन्हा बोलले. तो म्हणाला, "यार ताई, आता सोड ना." नाही सोडवत. म्हणून हे लिहायला बसले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मलाही कळतं. पण एक गोष्ट मी त्यालाही कधी सांगितलेली नाही. दर रविवारी माझा फोन तुम्हीच उचलायचात, पहिल्या घंटीला. त्या बारा दिवसांतल्या दोन रविवारी आईने उचलला. "बाबा सरोजिनी नगरला भाजी आणायला गेलेत," म्हणाली. दोन्ही वेळा तेच, आणि आवाज रडून बसलेला. माझा फोन सोडून भाजीला जाणारे तुम्ही नव्हेत, हे मला माहीत होतं. पण नोकरी नवी होती, सुट्टी मागायची हिंमत नव्हती. मी विचारलंच नाही, बाबा. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.