पोलादपूरला थांबणार नाही

ठाणे, दि. ४ जानेवारी २०२५

ती. चिंतामणीकाका व सौ. गोदावरीकाकू यांस,
वल्लरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

काका, फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी निधी जमवायला आमचा गट ठाण्याहून महाबळेश्वरपर्यंत चार दिवस सायकलने निघतोय. दरवर्षी देवव्रत जायचा आणि मी बायकोच्या जातीने घरी काळजी करत बसायचे. तो गेला त्याला वर्ष झालं. यंदा त्याच्याच सायकलची सीट खाली करून घेतली आहे.

सव्वीस तारखेला सकाळी तुमच्या दारावरूनच आंबेनळी घाटाला लागायचंय. आईबाबांच्या मागे तुमचंच घर माझं माहेर, तरी मी थांबणार नाही. रागावू नका. वर्षभर जो भेटतो तो माझ्याकडे बघून डोळे पुसतो आणि मलाच त्याची समजूत काढावी लागते. तुमच्या दारात कोणी रडलं तर मी तिथेच कोसळेन. घाट मला चढायचाच आहे, त्याच्यासाठी. तेव्हा रस्त्याकडेला उभे राहा, हात हलवा, बस्स.

काकूला समजावा. लोभ आहेच, तो यावेळी जरा दुरून करा.
आपली वल्लरी

पोलादपूर, दि. ११ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. माझ्या शिट्टीवर अख्खी शाळा ताठ उभी राहायची, तिथे आपल्या आळीचं काय घेऊन बसलीस? काल सगळ्यांना अंगणात बोलावून ताकीद दिली. रडायचं नाही, सुस्कारे टाकायचे नाहीत, 'बिचारी' म्हणायचं नाही. शेजारच्या शकूने विचारलं की मास्तर, मंग हसायचं तरी हाय का नाय? विचार करून तेही बंद ठेवलं, उगाच कोणाचा तोल जायला नको. दोनदा तालीम झाली. तुझी काकू दोन्ही वेळा नापास झाली, पण सुधारते आहे. पोर दारावरून उपाशी जाणार, हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं ती विचारते. मी ऐकू आलं नाही असं दाखवतो.

ब्रेक तपासून घे. आमची माया आहे तशीच आहे, सध्या फक्त सावधानमध्ये उभी आहे.
तुझा काका चिंतामणी

ठाणे, दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. काका व काकूस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आता तुम्हाला न कळलेली गोष्ट सांगते. त्या सकाळी तुमच्या दारासमोर आळी दोन रांगांत उभी, तोंडं मिटलेली, माना ताठ. आमचा गटप्रमुख सुनील पुढे होता. त्याला वाटलं, या घरात कोणी गेलंय. तो उतरला, हेल्मेट काढलं, मागचे सगळेच उतरले. एकेक जण हात जोडून गेला तो सांत्वन म्हणून, काका! आणि तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात की फार आनंद वाटला, असेच दरवर्षी या.

सुनीलचा चेहरा बघून मला हसू फुटलं. वर्षात पहिल्यांदा. हसता हसता रडू कधी आलं ते कळलंच नाही. काकू ओठ दाबून उभीच होती, तुमच्याकडे बघत. तुम्ही चष्मा पुसायला लागलात तेव्हा कुठे ती धावली.

घाट त्या दिवशी राहिलाच. गट पुढे गेला आणि मी काकूच्या मांडीवर पोटभर रडले, मग घावनं खाऊन दुपारभर झोपले. दुसऱ्या दिवशी एकटी निघाले, तर मागे तुमच्या आळीतल्या मुरारीची मिनीडोर रिक्षा, आत तुम्ही दोघं, आणि प्रत्येक वळणावर शिट्टी. वर पोचले तेव्हा टाळ्या वाजवायला तुम्ही तिघंच होतात. छान वाटलं.

उतरताना सायकल टपावर बांधली आणि मी देवव्रतबद्दल बोलायला लागले. तो चहा कसा बिघडवायचा, चढावर गाणी कशी बेसूर म्हणायचा. एवढं मी कोणाशीच बोलले नव्हते. पोलादपूर आलं, घर आलं, तरी गोष्टी संपल्या नव्हत्या. तेव्हा तुम्ही मुरारीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंत, गाडी थांबवू नको, महाडपर्यंत चल.

शिमग्याला येते. माया अशीच राहू द्या.
तुमची वल्लरी