टोपणनाव सांगा

क्यावरी, २६ ऑगस्ट

प्रिय ओर्नेला,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. टोमॅटोच्या बाटल्या भरून झाल्या, गुडघा बरा आहे, आणि बारा सप्टेंबरचं तिकीट काढलंयस. या वेळी माझ्याकडे न थांबता थेट मोनेल्याला उतरणार, एकटी. शेवटी लिहिलंयस की आपला तो शनिवार या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता. मी तुला दोनदा फोन केला. एकदा तू बाटल्यांबद्दल बोललीस, एकदा शेजारणीच्या कुत्र्याबद्दल, आणि दोन्ही वेळा मी हो हो म्हणत फोन ठेवला. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही, म्हणून लिहिते आहे. घडलं तसं, क्रमानं लिहिते. शेवट आधी वाचू नकोस. तुला ती सवय आहे.

बेत तुझा होता. गाडीनं आधी लांबच्या टोकाला, लेवान्तोला जायचं, मग एकेक गाव करत परत यायचं, आणि मोनेल्या शेवटी ठेवायचं. 'तोवर धीर आला तर उतरेन. नाही आला तर तू एक अक्षर बोलायचं नाहीस,' असं तू स्टेशनवर मला बजावलंस. मी मान डोलावली. एकोणपन्नास वर्षं न पाहिलेल्या बापाच्या दारात जायचं तर दिवसभर हिंडून जावं, हे मला पटलं होतं. तू नऊ वर्षांची असताना ते तोरिनोच्या ट्राम डेपोतून रजा काढून आपल्या गावी गेले आणि परतले नाहीत. आपण एका शाळेत शिकवत होतो तेव्हा एवढंच तू मला सांगितलं होतंस, आणि पुढच्या तीस वर्षांत त्यात भर घातली नव्हतीस. एत्तोरे देवोतो हे नाव, आणि गाव. तुझ्याकडेही बहुतेक तेवढंच होतं.

त्या दिवसाची वाट मीही पाहत होते. फेब्रुवारीत रेन्झो गेला, आमचा संसार संपला. त्यानंतर लोकांनी मला जेवायला बोलावलं, माझ्याबरोबर कबरीवर आले, पण नुसतं हिंडायला कुणी आलं नाही. हे सबब म्हणून सांगत नाही. पण सांगायला हवं.

लेवान्तोला आपण साडेनऊला उतरलो. तू फोकाच्चा पाव घ्यायला रांगेत उभी राहिलीस आणि मी सवयीप्रमाणे समोरच्या भिंतीवरचे काळ्या चौकटीचे कागद वाचायला गेले. तुमच्या तोरिनोत मेलेल्या माणसाचा कागद भिंतीवर लागत नाही, म्हणून तू त्यांच्याकडे बघत नाहीस आणि मला हसतेस. त्या दिवशी पाच कागद होते. चौथ्यावर लिहिलं होतं: एत्तोरे देवोतो, उर्फ ज्यांकेतो, वय ८४. पत्नी, मुलं तुल्लियो आणि मीर्ता, सून, जावई, नातवंडं दुःखानं कळवतात. अंत्यविधी शनिवार दि. ८, दुपारी चार, मोनेल्याचं चर्च.

तो शनिवार म्हणजे तोच दिवस होता. मी कागद दोनदा वाचला. तुझं नाव शोधत होते. असे कागद मी चाळीस वर्षं वाचते आहे. त्यात नाव चुकून राहत नाही, ते गाळलेलं असतं. तू मागून आलीस, तेलकट पुडकं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, 'काय गं, आज कोण कोण गेलं? ओळखीचं कुणी?' मी म्हटलं, 'नाही.' आणि तुझा दंड धरून तुला समुद्राकडे नेलं.

बोनास्सोलापर्यंत आपण जुन्या रेल्वेच्या बोगद्यातून चालत गेलो. आत गार होतं. तू मला विचारत होतीस, की दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं. 'मी ओर्नेला' म्हणायचं, की 'ओळखलंत का' म्हणायचं? 'ओळखलंत का' हे विचारणं दुष्टपणाचं होईल, असं तूच ठरवलंस. मग हसलीस आणि म्हणालीस, 'मी सरळ सांगेन, ट्राम डेपोची रजा संपली.' तुझा आवाज बोगद्यात घुमला. एक सायकलवाला वळून बघायला लागला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. अंधार होता, तो गेल्यावर आपण दोघीच होतो, अकरा वाजले होते. चारला पाच तास होते.

बारा वाजता जेवलो. जेवल्यावर तीन तास पाण्यात पाय घालायचा नाही, हा आईचा नियम तू अठ्ठावन्नाव्या वर्षीही पाळतेस. म्हणून आपण बंदराजवळच्या त्या बारमध्ये जाऊन बसलो. तिथं घडलं ते तुला आठवत असेलच, पण आता पुन्हा ऐक.

शेजारच्या टेबलावर तीन म्हातारे होते. एकाच्या शर्टाच्या खिशातून काळा टाय लोंबत होता. मालकीण त्याला म्हणाली, 'अरे, तो टाय गळ्यात घाल, नाहीतर वाइनमध्ये बुडेल.' तो म्हणाला, 'बुडू दे. ज्यांकेतोला आवडेल.' तू लगेच त्यांच्याकडे वळलीस. तुला अनोळखी माणसांशी बोलता येतं, मला येत नाही. 'हा ज्यांकेतो कोण?' तर टायवाला म्हणाला, 'बाई, बोटीच्या इंजिनांचा डॉक्टर. लहानपणी त्या बोटाएवढ्या पांढऱ्या माशांसारखा काटकुळा होता, म्हणून ज्यांकेतो. पुढं पोट सुटलं, पण नाव काही सुटलं नाही.' दुसरा म्हणाला, 'माणसाशी बोलायचा नाही. इंजिनाशी तासन्‌तास बोलायचा. शिव्या द्यायचा, मग माफी मागायचा.' तिसरा म्हणाला, 'माझ्याकडे त्याचा पाना राहिलाय, चौदा नंबरचा. तीन वर्षं रोज मागत होता.' 'मग ने की आज, पेटीत ठेव,' असं मालकीण म्हणाली, आणि तू सगळ्यात मोठ्यानं हसलीस. त्यांनी तुझा पेला भरला. ज्यांकेतोच्या नावानं सगळे प्यायले. तूही प्यायलीस.

मग तू विचारलंस, 'तुम्ही मोनेल्याचे का? तिथले एक देवोतो म्हणून...' टायवाल्यानं तुला पुढं बोलूच दिलं नाही. 'अहो बाई, मोनेल्यात दगड भिरकावला तर देवोतोलाच लागतो. टोपणनाव सांगा.' तू म्हणालीस, 'ते नाही माहीत.' तो म्हणाला, 'मग पोस्टमनलाही नाही सापडायचा.' पुन्हा सगळे हसले. तू पहिलं नाव सांगायला तोंड उघडलंस. मी उठले आणि म्हटलं, 'चल, गाडी चुकेल.'

गाडी अजून पाऊण तासानं होती. तू फलाटावर मला म्हणालीस, 'नोर्मा, तू म्हातारी झालीस, तुला घड्याळ दिसत नाही.' मी म्हटलं, 'झाले खरी.'

मोनेल्याला गाडी साडेतीनला लागली. डब्यातली बरीच माणसं उतरली. पुरुषांच्या अंगात भर उन्हात कोट, बायकांच्या हातात फुलं. टायवाला पुढच्या डब्यातून उतरला, आता टाय गळ्यात होता. त्यानं तुला हात केला. तू उभी राहिली होतीस. पिशवी खांद्याला होती. मग म्हणालीस, 'आज गावात मयत आहे. अशा दिवशी एखाद्याच्या दारात कसं उभं राहायचं? तेही तिकडेच गेले असतील. बरं दिसत नाही, हो ना?' आणि माझ्याकडे बघत राहिलीस.

तुला नेमकं आठवतं की नाही माहीत नाही, पण मी म्हटलं, 'हो. सप्टेंबरात ये.' तू बसलीस. दारं लागली. बोगदा आला. काचेत तुझा चेहरा दिसत होता. सुटका झाल्यासारखा वाटत होता.

मी गप्प का बसले, याची कारणं मी रोज काढते. त्यातली तीन चांगली दिसतात. नाव गाळलेला कागद तू भिंतीवर वाचू नयेस. परक्या बायकोपोरांसमोर चर्चच्या पायरीवर तुझा अपमान होऊ नये. 'एक अक्षर बोलायचं नाही' असं तूच सांगितलं होतंस. चौथं कारण असं, की साडेनऊ वाजता मी ते सांगितलं असतं तर तो दिवस तिथंच संपला असता, आणि मला तो हवा होता. बोगदा हवा होता, जेवण हवं होतं, तुझं हसणं हवं होतं. दुपारनंतर मग सांगणं दर तासाला अवघड होत गेलं. मोनेल्याला तर मला काही करावंच लागलं नाही. तू विचारलंस, मी हो म्हटलं. तुझे वडील स्टेशनपासून पाच मिनिटांवर होते. त्यांच्या अंत्यविधीला अर्धा तास होता.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी मोनेल्याला गेले. या वेळी मला टोपणनाव माहीत होतं. पहिल्याच दुकानात विचारलं, त्यांनी घर दाखवलं. मीर्तानं दार उघडलं. पंचेचाळिशीची असेल. कपाळ तुझं आहे. मी कोण ते सांगितलं, तुझं नाव सांगितलं, आणि आठ तारखेला काय झालं तेही सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे ती गाडीत होती?' मी हो म्हटलं. तिनं मला कॉफी दिली. तिनं ती दिली नसती तर मला बरं वाटलं असतं.

त्यांना तू माहीत आहेस. तोरिनोला थोरली आहे, हे तुझ्या वडिलांनी घरात सांगितलं होतं. पत्ता कधी दिला नाही, की त्यांच्याकडेच नव्हता, ते मीर्तालाही ठाऊक नाही. कागदावर तुझं नाव का नाही, हे मी विचारलं. ती म्हणाली, 'मी लिहिलं होतं. तुल्लियोनं खोडलं. म्हणाला, तिला न विचारता तिच्या नावानं रडायचा आपल्याला हक्क नाही.' म्हणजे नाव गाळलेलं होतं, हे मी बरोबर वाचलं होतं. का गाळलं, ते मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. बारा तारखेला त्या दारात जाऊन तू 'मी ओर्नेला' म्हणायच्या आधी तुला हे कळायला हवं होतं, आणि ते माझ्याकडूनच कळायला हवं होतं. पण बारा तारखेपर्यंत थांबताही येणार नाही. तिसाव्या दिवसाची प्रार्थना पाच सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी सहाला आहे. त्याचा कागद पुढच्या बुधवारी दुपारी छापायला जातो, आणि मोनेल्यापासून लेवान्तोपर्यंत सगळ्या गावांत लागतो. त्यात तुझं नाव घालायचं का, असं मीर्ता विचारते आहे. तुल्लियोची हरकत नाही. घातलं तर मुलांमध्ये तुझं नाव सगळ्यांत आधी येईल, कारण थोरलीचं आधी लावतात. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझ्या वतीनं मी एकदा बोलले, तेवढं पुरे. तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. दुपारी एक ते तीन ती घरी असते. मला नको, तिला फोन कर.

अजून तुझीच,
नोर्मा