दार तोडू नका, म्हणाले

मंगळवार, संध्याकाळ

दोनदा अंघोळ केली, तरी गॅसचा वास नाकातून जात नाही.

दुपारी दवाखान्यातली समुपदेशक म्हणून मी पोलिसांच्या गाडीतून धामणगाव बढे या गावी गेले. वनिता नावाची बाळंतीण स्वयंपाकघरात कडी लावून बसलेली. लोक बाळ पळवतील, हे तिच्या मनानं घेतलेलं. बाळ बाहेर सासूजवळ रडत होतं. तिच्या हातात काडीपेटी आहे, असं नवरा सांगत होता. दाराच्या फटीतून गॅसचा वास.

हवालदार तायडेंनी गल्ली रिकामी केली. म्हणाले, "मॅडम, आता थांबनं जमत नाही. दार तोडतो."

"तोडलं तर ती काडी ओढेल. मला बोलू द्या." कशाच्या भरवशावर म्हणाले मी?

आतून वनिता ओरडली, "पोलीस मले न्याले आले काय?"

"नाही गं, मी दवाखान्यातून आले. बाळाला भूक लागलीय. आधी शेगडी बंद कर, खिडकी उघड."

वास वाढतोय असंच वाटत होतं, आणि मी तायडेंना हातानं थांबवत होते.

मग खिडकी वाजली. नंतर कडी. बाळाला छातीशी धरून ती आमच्याबरोबर दवाखान्यात आली.

सगळे म्हणाले, छान केलंत. पण तिनं काडी ओढली असती तर? दाराला चिकटून तायडे उभे होते, मी नाही.

परतताना त्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आज तुमचं बरोबर निघालं, मॅडम. पुढच्या टायमाले मी थांबन का, ते मले सांगता येत नाही."

मी त्यांना थांबवेन का, ते मलाही सांगता येत नाही.