ताईने मागितलेली नोकरी

मंगळवार, नाशिक रोड. फेब्रुवारी संपत आलाय.

डोकं फिरलंय. ताई मुंबईहून आली ती माझी नोकरी मागायला. ती ऑडिट फर्ममध्ये पार्टनर, परदेशी कंपन्यांचे हिशोब तपासते. आता जी डच कंपनी तिच्याकडे आलीय, तिचंच वणी रोडवरचं द्राक्षांचं पॅकहाऊस. तिथल्या मालाच्या नोंदी मी ठेवतो. भावाने लिहायचं, बहिणीने तपासायचं, हे नियमात बसत नाही. घरचे कुठे काय करतात ते तिला दरवर्षी फर्मच्या फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं.

"तू सोड ना पिंट्या. तसंही तू कुठे टिकतोस?"

तसंही म्हणे. गोव्यात हॉटेलात होतो, मनालीत गाड्या धुतल्या, सुरतेत... जाऊ दे. सगळं सोडलं, मान्य. पण इथे अकरा महिने झाले. कोल्डरूममध्ये बोटं बधिर होतात, तरी जातो. का, ते मलाच कळत नाही. बारावी नापास माणसाला सुपरवायझर म्हणतो, "तूच लिही रे, तुझं चुकत नाही," म्हणून असेल.

आई मेथी निवडत म्हणाली, "तिची किती वर्षांची मेहनत आहे रे." आणि माझी? तसंही. किती सहज बोलून गेली ताई.

मी नाही म्हटलं.

"मग एवढं मोठं काम मला सोडावं लागेल. कळतंय तुला? फॉर्ममध्ये काय लिहू मी?"

"लिही, भाऊ नोकरी करतो."

आजवर काय लिहीत होती, ते विचारायचं राहिलं.