दुखण्याचं माझं माप

४ जुलै २०११, सोमवार
परिपाठाला उभी होते – खुब्यातून कळ आली आणि मी हसले. माझं असंच! दुखलं की हसू येतं. हेडमास्तर उद्धवराव सरांनी बोलावलं. "भागीरथाबाई, दुखते म्हणून वर्गात खाली बसता, अन् चेहरा तर लग्नघरातला! वर तक्रार गेली." मी खोटं नाही बोलले. नऊ वर्षांची होते तेव्हापासून सांधे दुखतात, पण कुणाला दिसतच नाही. नोकरी सोडावी का?

८ जुलै
हैदराबादला डॉक्टरांकडे निघाले. नार्नूरहून बस. जागा नाही, आदिलाबादपर्यंत उभी. लोक म्हणाले, बाई किती खुशीत!

९ जुलै
हैदराबाद. डॉक्टरीणबाई. मला ऑटिझम आहे हे यांनीच मे महिन्यात ओळखलं – बत्तिसाव्या वर्षी! आज विचारलं, "दर्द दस में से कितना?" म्हटलं, किसका दस? माझं दहा आणि तुमचं दहा एक कसं? आणि कोणत्या सांध्याचं? इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मग म्हणाल्या, ऑटिझम असलेल्या पुष्कळांना असं कायमचं दुखतं. चेहऱ्यावर उमटलं नाही म्हणून ते खोटं नसतं. "अपना नाप खुद बनाओ."
तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी खरं मानलं! परतीच्या वाटेनं गुणगुणत आले.

१० जुलै
माप तयार! 'किनार' – नव्या साडीची टोचते तेवढंच, चालेल. 'सरकी' – सांध्यांत सरकी भरल्यासारखं, बसायला हवं. 'जिनिंग' – हाडात कापसाचं मशीन सुरू. माझ्याशी बोलू नका.

१२ जुलै
डॉक्टरांची चिठ्ठी आणि माझा कागद सरांपुढे ठेवला. दोनदा वाचलं त्यांनी. "आधी काऊन नाही सांगितलं?"
सांगत होते की – हसत हसत!
सरांनी स्वतःची गादीची खुर्ची उचलली आणि माझ्या वर्गात नेऊन ठेवली.

१९ जुलै
सर रोज फाटकातूनच ओरडतात, "आज काय, बाई?" आज सरकी. चौथीच्या पोरीही एकमेकींना विचारतात. एकीला फक्त गणिताच्या तासाला जिनिंग होतं!

२४ जुलै, रविवार
आई भाकरी थापत होती. तिला आज सगळं सांगितलं. म्हटलं, असं रोज दुखणं सगळ्यांना नसतं म्हणे.
तिचे हात थांबले.
"नसते? मले तर लहानपणापासून दुखते. मी समजे, समद्यायलेच दुखते."