शिआनमध्ये राहिलेली वंदना

२ नोव्हेंबर, सकाळी ६
उद्या निघायचं. बॅग तयार. गेल्या वर्षी कापूस बियाण्याचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनीकडून चीनची टूर. जोडप्याची आहे. मालन मार्चमध्ये वारली, त्यामुळे एकटाच जाणार. बाकी प्रोग्राममध्ये बदल नाही.

चीन मालननंच ठरवलं होतं. सगळे डीलर बँकॉक बँकॉक करत होते. हिनं कंपनीच्या माणसाला दुकानात बसवून दोनदा चहा पाजला आणि शिआन शहर मंजूर करून घेतलं. ह्युएन त्संगनं भारतातून नेलेले ग्रंथ तिथल्या मोठ्या पॅगोड्यात ठेवले, हे तिला शाळेपासून पाठ. तो चालत आला, आपल्याला विमानात बसून जायला काय होतं, म्हणायची.

संकल्प: १) मोठ्या पॅगोड्यापाशी मालनच्या नावानं वंदना. तिचा फोटो शर्टच्या खिशात. २) रोज नोट्स. पौर्णिमेला विहारात ‘मी पाहिलेला चीन’ या विषयावर स्लाइड शोसह भाषण. कमिटीचा सेक्रेटरी आहे, अपेक्षा असतात.

अर्पिता म्हणते, पप्पा, तुम्ही अजून सावरला नाहीत, एकटे जाऊ नका. मी सांगितलं, पडलो असतो तर सावरायचा प्रश्न. तिच्या आईला जाऊन आठ महिने होत आले, पोरगी अजून मध्येच रडते. मी एकदाही रडलो नाही. कोणीतरी खंबीर लागतं.

४ नोव्हेंबर, दुपार
पोचलो. विमान दोनदा बदललं. रूम पार्टनर भोकरदनचे जुन्या ओळखीचे डीलर रामराव. त्यांच्या मिसेस विमानाला घाबरून घरी राहिल्या. रामराव विमानात म्हणाले, भाऊ, तुमच्या बाजूची सीट खाली हाय, मी येऊ का? मी हो म्हणालो. चांगली झोप लागली त्यांना.

शिआन मोठं आहे. स्वच्छ. थंडी.

५ नोव्हेंबर
आज मोठा पॅगोडा. सात मजली, विटांचा. फार जुना.

वंदना झाली नाही. कारण असं. आमच्या लाइनीत प्रत्येक ठिकाणी कंपनीच्या बॅनरसह ग्रुप फोटो झालाच पाहिजे. नाही तर टूर झाली असं वरचे लोक मानत नाहीत. बॅनर आठ फुटी, त्यावर फुटलेलं कापसाचं बोंड. मी उंच, म्हणून डावं टोक माझ्याकडे. चाळीस माणसं ओळीत उभी करायला पाऊण तास गेला. वारा आला, बॅनर फुगला, पुन्हा घ्यायला लागला. मग टूरसोबत आलेल्या स्वयंपाक्यानं बसमध्ये पिठलं गरम असल्याचं कळवलं आणि चाळीसच्या चाळीस माणसं पळाली.

घाईत वंदना करणं मला पटत नाही. मन एकाग्र पाहिजे. शिवाय पिठलं खरंच गरम होतं.

पॅगोडा बघून काही वाटलं नाही. प्रवासाचा थकवा.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
शहराची तटबंदी. वर रस्त्याएवढी रुंद, लोक सायकली चालवतात. संकल्प केला होता की पूर्ण फेरी मारायची. सायकल घेतली. दहा मिनिटांनी परत दिली. सीट उंच होती.

नंतर बेल टॉवर आणि ड्रम टॉवर. एकात घंटा, एकात नगारे. नोट्स काढायला वही उघडली. ‘घंटा. नगारे.’ एवढंच लिहिलं. सविस्तर घरी लिहीन.

अर्पिताचा फोन. वंदना केली का विचारलं. म्हणालो, जागा बघून ठेवली आहे, योग्य वेळ बघतोय. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. दुकान सध्या एकटी सांभाळते, रब्बीच्या गर्दीनं थकली असेल.

७ नोव्हेंबर
आज लहान पॅगोडा. ठरवलं, मोठ्याच्या आधी इथं रंगीत तालीम करावी. खिशातून फोटो काढला, समोर धरला. चष्मा बसमध्ये. मालनचा चेहरा अंधुक दिसत होता. अशा अवस्थेत करण्यात अर्थ नाही, म्हणून फोटो परत ठेवला.

तालीम कशाला, खरं तर. वंदना, त्रिसरण, पंचशील सगळं तोंडपाठ. सत्तावीस वर्षं दर रविवारी म्हणतोय.

रामरावांनी विचारलं, भाऊ, दिवसभर बोलून न्हाई राह्यले, तब्येत बराबर हाय ना? बीपी मोजून दाखवलं. एकशे तीस–ऐंशी. ते म्हणाले, मंग बरंय. रात्रीच्या जेवणात मला त्यांनी आपला ठेचा दिला. तिखट असावा. सगळे हाश्शहुश्श करत होते.

८ नोव्हेंबर
मातीचे सैनिक. शहरापासून लांब. हजारो उभे आहेत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. रामराव म्हणाले, युरिया आल्यावर आपल्या दुकानापुढं अशीच लाइन असती, फक्त हे भांडून न्हाई राह्यले. सगळे हसले. मीही हसलो. म्हणजे मी नॉर्मल आहे, हे इथं नोंदवून ठेवतो.

फोटो तपासले. दोनशे बारा. एकशे नव्वदमध्ये बोंड. मागे काय आहे ते कळत नाही. भाषणात तोंडी समजावून सांगेन.

आज जेवायला बसल्यावर शेजारच्या खुर्चीवर जॅकेट ठेवलं. तिथे बसायला आलेल्या बाईंना म्हणालो, इथं माणूस येणार आहे. मग जॅकेट उचललं. टूरमध्ये जागा धरायची सवय लागते.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
शेवटचा दिवस. आज वंदना नक्की. ग्रुप दागिन्यांच्या दुकानात जाणार आहे. त्या वेळात टॅक्सीनं मोठा पॅगोडा, वीस मिनिटांत वंदना, परत. रामरावांना सांगितलं आहे. पत्ता चिनीत लिहून घेतला. चष्मा, मेणबत्ती, फोटो. प्लॅनमध्ये चुकण्यासारखं काही नाही.

९ नोव्हेंबर, दुपारी
टॅक्सी बरोबर पोचली. मेणबत्ती आत लावू देत नाहीत, बाहेर लोखंडी स्टँड आहे, तिथं लावली. फोटो टेकवून ठेवला. मागे बॅनर नाही, पुढे पिठलं नाही. चष्मा होता.

सुरुवात केली. त्रिसरण झालं. पंचशीलातलं पहिलं शील झालं. दुसरं, तिसरं. चौथं येईना. खोटं बोलणार नाही, हा अर्थ माहीत आहे. शब्द येईनात. पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच.

विहारात मालन पुढे म्हणायची आणि आम्ही सगळे तिच्या मागून. घरीही तसंच. मी सत्तावीस वर्षं मागून म्हणत होतो. पुढचा शब्द तिच्याकडून यायचा, म्हणून मला तो येतो असं वाटायचं.

अर्पिताला फोन लावला. तिकडे आठ वाजले होते, ती दुकानाचं शटर उघडत होती. म्हणालो, चौथं शील सांग. तिनं काही विचारलं नाही. सांगितलं. शेवटचा शब्द लांबवला, मालन लांबवायची तसा.

मला मागून म्हणता आलं नाही. ती थांबली. मग म्हणाली, म्हणा ना पप्पा. मी रडायला लागलो. मोठ्यानं. आजूबाजूचे लोक बघत होते. थांबवता येईना. तिकडून तीही रडत होती, फोन कोणीच ठेवला नाही. छातीत इतकं दुखेल हे मला माहीत नव्हतं.

चौथं, पाचवं राहिलं. वंदना अर्धी झाली.

किती वेळ गेला माहीत नाही. दागिन्यांचं दुकान आटोपून बस मला घ्यायला आली आणि रामराव शोधत आत आले. पायरीवर बसलेला बघून म्हणाले, भाऊ, काय झालं? मी म्हणालो, मालन वारली. ते म्हणाले, हौ भाऊ, मार्चमधी. मातीला आल्तो ना मी. मी म्हणालो, नाही रामराव, मालन वारली.

रामराव शेजारी पायरीवर बसले.