नातीचा गुडघा आणि माझा माईक

गुरुजी, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की शुद्धलेखनाच्या भीतीने हात अडखळतो. सातवीत शाळा सुटली माझी, पण तुम्ही लावलेली कबड्डी सुटली नाही. गावाच्या संघाचा कप्तान झालो, पुढे कंपनीच्या संघाचाही. खेळ थांबला तसा माईक हातात आला. आता मांडव्यापासून म्हसळ्यापर्यंत समालोचनाला बोलावतात. भोंगा मैदानाला लागूनच असतो, आणि हल्ली सामना मोबाईलवरही दिसतो.

तुम्ही मला एकदाच मारलंत. शाळेमागच्या मैदानात सामना चालू आहे आणि मी कोपऱ्यातल्या आपल्या गड्याला ओरडतो, "डावा हात लावू नको रे, कालचा सुजलाय ना!" पुढच्याच चढाईत समोरचा त्याच बाजूने शिरला आणि गुण घेऊन गेला. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीत. "कप्तान ना तू? दिसलेलं सगळं ओकायचं नसतं."

मी शिकलो असं तुम्हाला वाटलं असेल. गेल्या हंगामात काशीदजवळच्या सामन्यात एक चढाईपटू वळताना उजवा पाय चोरतोय हे मला दिसलं, आणि मी माईकवर बोलून गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्याची नजर बघा म्हणाले. भोंगा विरुद्ध संघालाही ऐकू गेला. पुढच्या चढाईला तिघांनी तोच पाय धरला. मोडल्याचा आवाज माईकमध्येसुद्धा आला. तो गडी अजून लंगडतो. मला कोणी काही बोललं नाही. उलट यंदाचं बोलावणं लवकर आलं.

आज पाच वाजता त्याच मैदानावर मुलींचा अंतिम सामना आहे आणि एका संघाची कप्तान माझी नात आहे. सकाळी ती ओटीवर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. मला बघून तिने पँटचा पाय खाली ओढला.

"जास्त दुखतंय का गं?"

"काय नाय वो, आजोबा. आईला सांगाल तर बघा. आणि माईकवर तोंड शिवून बसा."

ती हसली, मला हसू येईना. पायरी उतरताना तीही उजवा पाय चोरते. मग टपरीवर समोरच्या संघाचा प्रशिक्षक भेटला. त्याने मला खुर्ची दिली. "काका, आज पोरींना सांगून ठेवलंय, तुमचं समालोचन कान देऊन ऐका." सहज बोलला असेल. पण मी चहा अर्धाच ठेवून उठलो.

तिच्या आईला सांगितलं तर पोरीचा सामना जाईल आणि ती माझं तोंड बघणार नाही. माईक सोडला तर निदान माझ्या तोंडून काही जाणार नाही. आयोजकांना फोन करायचा म्हणून दोनदा चष्मा लावला, दोनदा काढून ठेवला. हे पत्र कुठे टाकणार? गादीखाली सारतो.

खरं सांगतो गुरुजी, फोन केलेला नाही. सकाळपासून मी मिठाच्या पाण्याने गुळण्या करतोय, आवाज मोकळा लागावा म्हणून.